रामप्रसादच्या सायकलचं मागचं चाक

मानवत
३० ऑक्टोबर २०२५

शालू,

चार वेळा फोन लावला, चारी वेळा कट केलास. वैनीचा उचलतीस, भावाचा उचलायला तेवढा हात दुखतो तुझा. भिवरामावशी म्हणली, दत्तराव, लिहून धाड, कागद फाडायच्या आधी पोरगी वाचील तरी. म्हणून बसलोय लिहायला. अक्षर कोंबडीच्या पायाचं हाय. हसायचं असंल तर हास.

भाऊबीजेला येशील म्हणून तुझ्या वैनीनं सकाळीच पाट मांडला. दुपार झाली, दिवेलागण झाली, पाट तसाच. शेवटी मीच उचलून भिताडाला लावला. वाढताना तिनं भांडी लय आपटली.

इतका राग कशापायी? मी तुला घरातून जा म्हणलो न्हाई. रामप्रसाद कालव्याच्या उतारावर सायकलवरून पडला, पाय मोडला. लोक दुकानापुढं जमले अन् इचारायला लागले, दत्तराव, परवाच तर तुमच्याकडं काम केलं व्हतं, असं कसं झालं? तव्हा माझ्या तोंडातून निघालं की मागच्या चाकाचा हब शालूनं भरलाय, आतलं गिरीस चुकलं असंल. एवढंच. इंजिन बसवलेल्या सायकलीचा हब तापतो, गिरीस पातळ होतं, आतला ब्रेक धरत न्हाई. होतं असं. तू वाकून सायकल बघत व्हतीस, एक शब्द बोलली न्हाईस. दुसऱ्या दिवशी मावशीकडं जायला गंगाखेडची गाडी धरलीस. "चुकलं" एवढं म्हणली असतीस तर काय बिघडलं असतं?

सासर सुटून तू आलीस, दुकानात बसायला लागलीस, तव्हा भावकी काय काय बोलली ते इसरलीस का? बाईमाणसाच्या हातात पाना देतो म्हणून मला हसायचे. तव्हा तुझ्या पाठीशी कोण व्हतं? नवऱ्याच्या गावातलं कोण आलं व्हतं का? मीच व्हतो ना?

रामप्रसादला परभणीच्या दवाखान्यातून घरी आणलाय. गुडघ्याखाली सळई टाकलीय. मेंढरं आता त्याची बायनाबाई एकटीच राखायलीय. मी भेटून आलो. खाटेवर पडल्यापडल्या तुझ्या नावानं त्यानं दोन-चार शिव्या हासडल्या. म्हणला, पोरीनं हबात लोणी भरलं का काय, पायडल उलटं मारलं तर चाक धरलंच न्हाई. पुढचा ब्रेक तर त्याचा पहिल्यापासून नावालाच. बायनाबाईनं चहा दिला, तो पिऊन आलो.

मावशी म्हणली, तिथल्या मुलींच्या शाळेत तुला काम मिळायलंय, सगळ्या पोरींच्या सायकली नीट ठेवायचं. लय चांगलं झालं. मुख्याध्यापिका बाईंचा मलाबी फोन आला व्हता, तू माझं नाव सांगितलं व्हतंस म्हणून. मी चांगलंच बोललो.

आता राग सोड अन् फोन उचल.

तुझा दादा,
दत्तराव


मानवत
९ नोव्हेंबर २०२५

शालू,

मावशीचा फोन आला. शाळेच्या बाई म्हणल्या, थोडं थांबा, बघू. मावशी मलाच इचारायलीय, कामून थांबवलं असंल. मी म्हणलो, मला काय माहीत.

मला माहीत हाय. मागच्या पत्रात मी चांगलंच बोललो असं लिहिलं, ते अर्धं खरं. बाईंनी इचारलं, तुमच्या बहिणीचा हात कसा हाय? मी म्हणलो, हात लय साफ हाय, पण. त्या म्हणल्या, पण काय? मी म्हणलो, दसऱ्याच्या टायमाला जरा एक अपघात झाला, तुमी तुमचं बघा. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. फोन ठेवल्यावर मी पंक्चरच्या टबात हात घालून उगंच बसून राहिलो. परत फोन लावावा असं वाटलं. लावला न्हाई.

आता दुसरं सांगतो. सायकल अजून दुकानातच हाय, भिताडाला टेकून. मी तिच्यावर पोतं टाकलं व्हतं. काल पोतं काढलं, चाक काढलं अन् हब खोलला. इतके दिवस खोलला नव्हता.

तुला आठवतं का, हैदराबादच्या जुन्या बाजारातून रामप्रसादनं ते चाक आणलं तव्हा आपण दोघं बघतच राहिलो व्हतो. ब्रेक चाकाच्या पोटातच, वर ना तार ना रबर. पायडल उलटं मारलं की आतल्या पट्ट्या फाकतात अन् चाक धरतात. मी म्हणलो व्हतो, ही ब्याद आपल्याला झेपायची न्हाई. त्याला मेंढरामागं चालून गुडघ्याचा तरास, म्हणून फवाऱ्याच्या पंपाचं इंजिन मी बसवून दिलं, पण ह्या हबाला मी हात लावला न्हाई. तू लावलास. तीन दिवस खोलून, घालून, परत खोलून शिकलीस. कोणता भाग कशावर बसतो ते खडूनं फरशीवर काढून ठेवलं व्हतंस. तुझ्या वैनीनं ते पुसलं म्हणून भांडलीसबी.

काल खोलला तर गिरीस जसंच्या तसं. तू परभणीहून आणलेलं ते निळं, उन्हातान्हात न वितळणारं, ज्याला मी चोचले म्हणलो व्हतो. जळल्याचा वास न्हाई. छर्रे चकचकीत. पट्ट्यांवर पातळ थर, जिथं जितका लागतो तितकाच. तूच मला शिकवलं व्हतंस की ह्या पट्ट्या गिरीसातच चालतात, कोरड्या पडल्या तर जळून अडकतात. मी पंचवीस वर्षाचा मिस्त्री, मला ठाऊक नव्हतं. छर्रे दाबून धरणारा कोन असा बसवलेला की चाक बोटानं ढकललं तर फिरत राहिलं, हलवलं तर खडखड न्हाई.

हबात खोट न्हाई शालू. काय झालं ते मला कळंना. जसा व्हता तसाच बंद केला, बोटभर गिरीसबी बदललं न्हाई.

तुझा दादा,
दत्तराव


मानवत
१६ नोव्हेंबर २०२५

शालू,

कळंना असं लिहिलं, तेबी खोटं. खाई त्याला खवखवे म्हणतात, मला आठ दिवस अन्न गोड लागंना. वैनी इचारायलीय, पोट बिघडलं का? आता सरळ लिहितो, मधी थांबलो तर परत लबाडी करीन.

हब तू नवमीच्या आदल्या दिवशी भरलास. चाक सायकलीत बसवलंस, एक्सलचे नट आवळलेस. हबातून बाहेर आलेली ब्रेकची दांडी सायकलीच्या नळीला जिथं बाहेरच्या पट्टीनं धरलेली असते, तिथला नट झिजलेला व्हता. तू मला म्हणलीस, दादा, नवा नट आणून पट्टी आवळून टाक, मी घरी जाते, उद्या खंडेनवमीची हत्यारं धुवायचीत. मी व्हय म्हणलो अन् इसरलो.

नवमीला सकाळी तू अन् वैनीनं सगळे पाने, पकडी, हातोडी, पंप धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडू वाहून मांडले. आपल्या बापापासून चालत आलेलं हाय, नवमीला मांडलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं वाटल्याबिगर उचलायचं न्हाई. दुपारी रामप्रसाद आला. मेंढरं कालव्यापलीकडं बसवलेली, त्याला सायकल लागतच व्हती. तू घरात व्हतीस. मी नवा नट घातला अन् पाना घ्यायला वळलो तर पाना पूजेत. हात पुढं केला अन् मागं घेतला. बोटानंच आवळला, जेवढा आवळतो तेवढा. मनात म्हणलं, दोन दिवसानं पान्यानं आवळून देऊ. पण त्याला सांगितलं न्हाई. मिस्त्रीनं अर्धं काम हातात दिलं असं सांगायची लाज वाटली. दहा नंबरचा पाना शेजाऱ्याकडंबी मागता आला असता, पण शेजाऱ्याचाबी पूजेत असणार म्हणून इचारलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी दसरा. रामप्रसाद सोनं द्यायला दुकानावर आला, त्याच सायकलवर. पूजा उठली व्हती, पाना माझ्या समोर व्हता. आमी गळाभेट घेतली, चहा पिलो, यंदाच्या पावसानं कुणाचा कापूस किती गेला ते बोलत बसलो. सायकल चार हातावर उभी व्हती. मला आठवलंच न्हाई. ह्यात मी खोटं बोलत न्हाई शालू, खरंच आठवलं न्हाई.

तिसऱ्या दिवशी तो पडला. मी पहिला पोचलो. त्याला टेम्पोत घातलं. तो ओरडायला लागला व्हता अन् मी त्याच्या सायकलीकडं बघायलो व्हतो. पट्टी उघडी लोंबायली, नट गायब, दांडी गरकन फिरून वर गेलेली. दांडी मोकळी झाली की आतला ब्रेक कशाच्या जोरावर धरणार? सायकल दुकानात आणली, शटर अर्धं वढलं, दुसरा नट घातला अन् पान्यानं गच्च आवळला. मग शटर वर केलं.

तू आलीस तव्हा आधी पट्टीकडंच हात नेलास. मी बघत व्हतो. पट्टी घट्ट लागली अन् तुझं तोंड उतरलं. तुला वाटलं, म्हणजे चूक माझ्याच हाताची. मला तव्हा तोंड उघडता आलं असतं. सगळी माणसं बघायली व्हती अन् मी गिरीसाचं नाव घेतलं.

भावकीनं हसावं म्हणून तुला पाना दिला नव्हता, अन् वेळ आली तशी त्याच भावकीच्या तोंडात तुला दिलं. ह्याची मला लय शरम वाटते. माफ कर असं लिहायला हात धजंना.

उद्या रामप्रसादकडं जातो. सगळं सांगतो.

दत्तराव


मानवत
२७ नोव्हेंबर २०२५

शालू,

गेलो. सांगितलं. अन् काय झालं ते ऐकून तू मला चपलेनं मारशील.

रामप्रसादनं सगळं ऐकून घेतलं. मग माझा हात धरला अन् म्हणला, दत्तराव, बहीण हाय, आतडं तुटणारच, पण माझ्यापाशी खोटं कशाला बोलतोस? मी म्हणलो, अरे देवाशपथ. तो म्हणला, देवाला मधी घेऊ नको. पट्टी तर सगळ्यांनी बघितली, घट्ट व्हती. मी म्हणलो, ती मीच आवळली. तो हसला. म्हणला, तू असाच हाईस पहिल्यापासून, दुसऱ्याचं अंगावर घेणारा.

तिथून चौकात आलो तर माझ्याआधी गोष्ट पोचलेली. भगवानराव हॉटेलात चार माणसांत म्हणाले, भाऊ असावा तर असा. बहिणीच्या नावाला बट्टा नको म्हणून स्वतःवर ओढून घेतलं. मला चहा पाजायला लागले. मी ओरडलो, अहो खरं सांगायलोय. तर म्हणाले, कळतं हो आमाला, तुमी काही बोलू नका.

बहिणीवर आळ घातला तव्हा एका घडीत सगळ्यांना पटलं. खरं सांगायला लागलो तर एक माणूस ऐकंना. तुझ्या नावाचा डाग पुसायला निघालो अन् माझाच गावभर उदो उदो झाला. संतापानं माझं डोकं फिरायची वेळ आलीय.

अजून एक. सोमवारी मी गंगाखेडला आलो व्हतो. शाळेत जाऊन बाईंना भेटलो. फोनवर बोललो ते चूक व्हतं, दोष माझा व्हता, सगळं सांगितलं. त्यांनी पाणी दिलं, शांतपणे ऐकलं अन् म्हणल्या, तुमचं प्रेम समजतं, पण तीनशे पोरींच्या जिवाची जबाबदारी माझ्यावर हाय, भाऊ बहिणीसाठी बोलणारच. मावशीच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो. तू अंगणात एका पोराच्या सायकलची साखळी बसवायली व्हतीस. बसवलीस, परत काढलीस, परत बसवलीस, पायडल फिरवून फिरवून बघायली व्हतीस. साखळीसाठी एवढं कधी बघत नव्हतीस तू. तिथूनच माघारी फिरलो.

तुझ्या हातावरचा तुझाच इश्वास मी उडवला. रामप्रसादचा पाय तर डॉक्टरनं बसवला. हे मी कसं बसवू?

दत्तराव


मानवत
५ डिसेंबर २०२५

शालू,

वैनीच्या फोनवर तुझा निरोप आला. तिनं मला वाचून दाखवला: "सांगून कोण ऐकतं. चालवून दाखव म्हणावं." दोन महिन्यांत तुझ्याकडून आलेलं हे पहिलंच. मला आधीच सुचायला पाहिजे व्हतं. मिस्त्री माणूस मी, तोंडानं कधी सायकल नीट झालीय का?

परवा सायकल घेऊन रामप्रसादच्या दारात गेलो. जाताना भगवानरावाला अन् हॉटेलातल्या त्या चौघांना संगं घेतलं. म्हणलं, लय मोठेपणा दिलात, आता चला. रामप्रसाद कुबडीवर बाहेर आला, बाजेवर बसला. बायनाबाई चौकटीला उभी. दोन दगडावर सायकल अशी ठेवली की मागचं चाक अधांतरी राहील. हबाचं झाकण काढून सगळ्यांना आतलं निळं गिरीस दाखवलं. म्हणलं, हे शालूचं. ह्याला कुणी बदललं न्हाई.

मग पट्टी पान्यानं आवळली. इंजिन चालू केलं अन् चालू इंजिनावरच पायडल उलटं दाबून धरलं. सोडलं, परत दाबलं. हब तापला. भगवानरावाला म्हणलं, लावा हात. त्यांनी लावला अन् झटकन काढला. तरी ब्रेक धरायचा थांबला न्हाई. इंजिन बंद पडायचं, पण ब्रेक सुटायचा न्हाई. किती वेळ केलं मोजलं न्हाई. टाकीतलं तेल अर्ध्यावर आलं.

मग पट्टीचा नट सैल केला अन् बोटानं आवळला, नवमीला आवळला व्हता तितकाच. पाना भगवानरावाच्या हातात दिला, मधी कुणी बोलू नये म्हणून. परत इंजिन. थरथर बसली तसा नट एकेक आटा मागं यायला लागला. सगळ्यांना दिसत व्हता. मी पायडल मारत राहिलो. बराच वेळ धरलं. मग नट मातीत पडला, पट्टी उघडली अन् दांडी चाकासंगं गरकन फिरून माझ्या मनगटावर बसली. ब्रेक गेला. चाक तसंच पळत राहिलं.

मी इंजिन बंद केलं. रामप्रसाद त्या चाकाकडं बघत व्हता, ते थांबायला लय वेळ लागला. थांबल्यावर तो म्हणला,

"म्हणजे दोन महिने मी त्या लेकराला शिव्या देत व्हतो, अन् तू माझ्या खाटेपाशी बसून चहा पेत व्हतास."

मी म्हणलो, व्हय.

त्यानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तो कुबडी टेकून उठला अन् आत गेला. बायनाबाईनं माझ्या समोर दार लोटलं. भगवानरावांनी पाना खाली मातीत ठेवला, माझ्या हातात दिला न्हाई. मी सायकल तिथंच ठेवून चालत आलो.

त्या दिवसापासून दुकानावर कुणी फिरकलं न्हाई. भगवानरावांच्या नातीची सायकल दुरुस्तीला पडली व्हती, तीबी माणूस पाठवून अर्धी खोललेली नेली. वाईट वाटतं. हे सगळं मला पाहिजे व्हतं, तरी वाईट वाटतं. तुझी वैनी म्हणली, आता कसं वाटतंय? पण काल ती माझ्या ताटाजवळ बसली.

आज सकाळी बायनाबाई आली. दारातूनच बोलली, पायरी चढली न्हाई. म्हणली, त्यांनी सांगितलंय की आमची सायकल आता ह्या दुकानात यायची न्हाई, ती गंगाखेडला जाईल, शालूच्या हातानंच नीट होईल. अन् शाळेच्या बाईंना काय सांगायचं ते त्यांचं ते सांगतील, तुमी मधी पडू नका. मी म्हणलो, बरं.

येत्या गुरुवारी ती दोघं तिकडं येतील, सकाळी, टेम्पोत सायकल घालून. बाईंना तो आपला मोडका पाय दाखवूनच बोलणार म्हणतोय. तुला काय बोलंल ते मला ठाऊक न्हाई. मोकळा माणूस हाय, रडलाबी तर घाबरू नकोस.

पट्टीला नवा नट तुझा तू बघून घे, माझ्या दुकानातला लावू नकोस.

रामप्रसादचा पाय अजून दुमडत न्हाई. बसायला सतरंजी टाकू नको. मावशीकडं उंच स्टूल असंल तर ते अंगणात काढून ठेव.

दत्तराव